सांध्याला मिलिमीटर, हाडाला रक्त

फ्रॅक्चर झालं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : प्लास्टरवर भागेल की ऑपरेशन लागेल? प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेलं असतं. ऑपरेशन म्हणजे पक्का इलाज आणि प्लास्टर म्हणजे जुना, स्वस्तातला, असं ते गृहीतक. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा अस्थिशल्यशास्त्राचा प्रवास आणि विशेषतः गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झालेल्या चाचण्या पाहिल्या तर चित्र बरंच गुंतागुंतीचं दिसतं. काही फ्रॅक्चरना शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसतं. काहींत ती केली काय आणि न केली काय, दोन वर्षांनी फरक उरत नाही. आणि काहींत घाईने केलेली शस्त्रक्रिया मूळ अपघाताहून जास्त नुकसान करते. कुठलं फ्रॅक्चर कोणत्या गटातलं, हे ठरतं ते हाडाभोवतीच्या मांसावरून, रक्तपुरवठ्यावरून आणि सांध्याच्या पृष्ठभागावरून. रॉड कुठल्या कंपनीचा, हा प्रश्न फार नंतरचा.

हाड मुळात जुळण्यासाठीच घडलेलं आहे. कातडी भरून आली तरी तिथे व्रण राहतो. हाड मात्र हाडानेच भरून येतं. मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ, मग कूर्चेसारखा मऊ जोड, मग कच्चं हाड आणि पुढे वर्ष-दोन वर्षांत पक्कं होणारं हाड, हा क्रम डॉक्टर असो वा नसो, चालू राहतो. म्हणून तर शतकानुशतकं हाडवैद्यांचं भागलं, आणि आजही लहान मुलांच्या मनगटाची बहुतेक फ्रॅक्चर प्लास्टरमध्ये निमूट बरी होतात. अवघड फ्रॅक्चर म्हणजे जिथे हा क्रम अडतो, किंवा हाड जुळूनही काम भागत नाही. सांध्याच्या आतून गेलेली चीर, कातडी फाडून बाहेर आलेलं हाड, रक्तापासून तुटलेला तुकडा, कंबरेच्या हाडांचं फुटलेलं कडं, म्हातारपणी ठिसूळ झालेला खुबा, आणि एकाच माणसात यातलं तीन-चार ठिकाणी एकदम.

आपल्याकडे या अवघड गटाचा मोठा पुरवठादार म्हणजे रस्ता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले. १,६८,४९१ माणसं दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. दुचाकीस्वाराच्या पायाला पत्र्याचं संरक्षण नसतं. त्यात नडगीचं हाड पुढच्या बाजूने नुसत्या कातडीखाली असतं, त्याच्यावर मांसच नाही. त्यामुळे हेल्मेटने डोकं वाचलेला माणूसही नडगी उघडी पडलेल्या अवस्थेत दवाखान्यात पोचतो.

शस्त्रक्रियेच्या आधीचा काळ विसरला तर आजच्या वादांचा अर्थ लागत नाही. १८५२ च्या सुमारास डच लष्करी डॉक्टर अँथोनियस माथायसन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या प्रचारात आणल्या. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांचं लोखंडी कड्याचं स्प्लिंट त्यांच्या हयातीत फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ते आघाडीवर नेलं आणि मांडीचं हाड मोडलेल्या सैनिकांतले मृत्यू झपाट्याने घटले. हे सगळे इलाज हाड न उघडता करायचे होते. मांडीचं हाड मोडलेला माणूस तीन-तीन महिने पायाला वजनं लटकवून खाटेवर पडून असे. हाड जुळे, पण तोवर गुडघा आखडलेला, स्नायू वाळलेले, पाठीला जखमा. हाड बरं होऊन माणूस अधू, अशा या अवस्थेला पुढे ‘फ्रॅक्चर डिसीज’ असं नाव पडलं.

हाड उघडण्याचं धाडस निर्जंतुकीकरणाआधी आत्मघातकीच होतं. १८७७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी मोडलेली गुडघ्याची वाटी उघडून चांदीच्या तारेने बांधली, तेव्हा लंडनच्या वैद्यकीय वर्तुळात खळबळ उडाली. नंतर लंडनचे आर्बथनॉट लेन आणि अँटवर्पचे आल्बां लांबोत यांनी धातूच्या पट्ट्या आणि स्क्रूंची सुरुवात केली. खरी उलथापालथ मात्र जर्मनीतल्या कील शहरात झाली. गेरहार्ड क्युंचर यांनी १९३९ मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीतून स्टीलची लांब सळी घातली. फ्रॅक्चरची जागा उघडायची नाही, हाडाच्या टोकाकडून आत शिरायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन कैदेतून सुटलेले अमेरिकी सैनिक मायदेशी आले तेव्हा त्यांच्या एक्स-रेत ही सळी पाहून तिकडचे डॉक्टर चक्रावले. आज आपण सहज ‘मांडीत रॉड टाकला’ म्हणतो तो या सळीचाच वंशज. आता तिला दोन्ही टोकांना आडवे स्क्रू मारून अडकवतात, म्हणजे पाय फिरत नाही आणि आखूड होत नाही.

दुसरी धारा स्वित्झर्लंडची. १९५८ मध्ये बील इथे मॉरिस म्युलर, मार्टिन आल्गोवर, हान्स विलेनेगर, रॉबर्ट श्नायडर यांच्यासह तेरा सर्जन एकत्र आले आणि त्यांनी ‘एओ’ नावाचा अभ्यासगट काढला. पुढे दाव्होसला त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. त्यांची शिकवण थोडक्यात अशी : तुकडे हुबेहूब बसवा, घट्ट पकडा, रक्तपुरवठा सांभाळा आणि रुग्णाला लगेच हलवा. प्रत्येक केसची नोंद आणि एक्स-रे जपून ठेवायची शिस्तही त्यांनीच लावली. अवजारांच्या प्रमाणित पेट्या, वर्गीकरणं, सर्जनांसाठी कार्यशाळा ही सगळी व्यवस्था जगभर गेली ती तिथून.

पण चार सूत्रांपैकी पहिल्या दोनांनी तिसऱ्याचा गळा घोटला. हुबेहूब बसवायचं तर तुकडा डोळ्यांनी दिसायला हवा, दिसायचा तर लांब चीर हवी, आणि चीर लांबली की हाडावरचं आवरण आणि त्याला चिकटलेले स्नायू सोलले जातात. एक्स-रेत चित्रासारखं जोडलेलं हाड आतून मात्र मेलेलं, अशा केसेस सत्तर-ऐंशीच्या दशकात साठत गेल्या. जुळायला उशीर, पू, पट्टी काढल्यावर पुन्हा मोड. दाव्होसचेच स्टेफान पेरेन यांनी मग मोडीतल्या हालचालीचं गणित मांडलं : थोडी हालचाल हाडाला जोड घालायला उद्युक्त करते, अतिरेकी हालचाल जोड मोडते, आणि चुरा झालेल्या हाडात प्रत्येक तुकडा घट्ट धरण्याचा अट्टाहास उलटतो. यातून आजची रीत आली. हाडाच्या मधल्या दांड्यात लांबी, दिशा आणि फिरकी सरळ केली की पुरे. तुकड्यांना हात लावू नका, वर-खाली दोन लहान छेद घेऊन कातडीखालून पट्टी सरकवा. स्क्रूचं डोकं पट्टीतच आट्यांनी बसणाऱ्या लॉकिंग प्लेट २००० च्या आसपास आल्या आणि ठिसूळ हाडातही पकड मिळू लागली. एक्स-रेत आज ज्याला चांगलं म्हणतात ते १९७० च्या सर्जनला गबाळं वाटलं असतं.

सांध्यात मात्र गबाळेपणा चालत नाही, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग हाच.

गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो सपाट माथा असतो, त्याचं फ्रॅक्चर घ्या. गाडीचा बंपर बाहेरच्या बाजूने गुडघ्यावर आदळतो, मांडीच्या हाडाचा गोल कंगोरा खालच्या माथ्यावर आपटतो, आणि अंड्याचं कवच बोटाने आत चेपावं तसा सांध्याचा पृष्ठभाग खाली दबतो. बाहेरची कड बाजूला फाकते. एक्स-रेत जेवढं दिसतं त्याहून प्रकरण नेहमी मोठं असतं. सीटी स्कॅन केल्यावरच मागच्या बाजूचा तुकडा सापडतो. सर्जन बाहेरच्या बाजूने चीर घेतो, सांध्यातली गादी हळूच वर उचलून पृष्ठभाग डोळ्यांखाली आणतो. मग माथ्याच्या दोनेक इंच खाली हाडाला छोटी खिडकी पाडतो, तीतून बोथट टोकाचा ठोकणा आत घालतो आणि दबलेला भाग खालून हातोडीने हलकेच वर ढकलतो. वर कूर्चा, तिच्याखाली थोडं हाड, असा तो थर एकसंध उचलला गेला पाहिजे. ठोकणा आरपार गेला तर संपलंच. थर वर आला की खाली पोकळी राहते. ती रुग्णाच्याच कंबरेच्या हाडातून काढलेल्या चुऱ्याने किंवा कृत्रिम पदार्थाने भरतात. कूर्चेच्या लगेच खालून तीन-चार बारीक स्क्रू शेजारी शेजारी आडवे जातात, आणि बाहेरून पट्टीचा टेकू. आतल्या-मागच्या बाजूचा तुकडा असेल तर त्यासाठी वेगळी चीर, वेगळी पट्टी. हे सगळं करून पृष्ठभागात एक-दोन मिलिमीटरची पायरी राहिली तर गुडघा बऱ्याचदा ती सोसतो. पण पाय वाकडा राहिला किंवा गुडघा डळमळीत झाला तर तो सोसत नाही. काही वर्षांत कूर्चा झिजून सांधा दुखू लागतो.

खुब्याच्या वाटीत हिशेब आणखी कडक. ही वाटी कंबरेच्या हाडात इतकी खोल बसलेली असते की १९६० पर्यंत तिची फ्रॅक्चर बहुतेक ठिकाणी ताण देऊन सोडून दिली जात. पॅरिसचे रोबेर ज्युदे आणि एमिल लतुर्नेल यांनी १९६४ मध्ये तिच्या मोडींचं वर्गीकरण मांडलं : पाच मूळ प्रकार आणि त्यांच्या जोडण्यांचे पाच. त्यांनी सुचवलेले तिरपे एक्स-रे आजही प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात काढतात. लतुर्नेल यांनी पुढचं सगळं आयुष्य या एका हाडाला दिलं, पोटाच्या बाजूने आत शिरण्याचा मार्ग घडवला आणि जगभरचे सर्जन त्यांच्याकडे शिकायला जात राहिले. अमेरिकेतले त्यांचे शिष्य जोएल माटा यांनी दाखवलं की तुकडे एका मिलिमीटरच्या आत बसले तर निकाल उत्तम आणि तीन मिलिमीटरच्या पुढे गेले की घसरण. ही शस्त्रक्रिया शिकायला वर्षं लागतात आणि ती मोजक्याच केंद्रांत नीट होते. अशा रुग्णाला जवळच्या दवाखान्यात ‘करून टाकू’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘पुढे पाठवतो’ म्हणणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता कातडीचं. घोट्याच्या वर, नडगीच्या खालच्या टोकाचा चुरा उंचावरून पडलेल्या माणसात दिसतो. बांधकामावरचे मजूर, झाडावरून घसरलेले नारळ-आंबे उतरवणारे, हे याचे नेहमीचे रुग्ण. स्विस सर्जनांनी १९६९ मध्ये यावर लगेच शस्त्रक्रिया करून उत्तम निकाल छापले. त्यांचे रुग्ण बहुतांशी स्कीइंग करताना पडलेले, कमी वेगाच्या इजेचे. हीच पद्धत जोरदार अपघातांवर वापरली गेली तेव्हा सुजलेल्या कातडीवर घेतलेल्या चिरा उसवल्या, हाड उघडं पडलं, पू झाला आणि काहींचे पाय गेले. धडा महाग पडला. आता पहिल्या दिवशी फक्त बाहेरून सळ्यांची चौकट बसवून पाय ताणून स्थिर करतात आणि वाट पाहतात. फोड सुकतात, सूज उतरते, कातडीवर बारीक सुरकुत्या दिसू लागतात. त्या दिसल्या की मग मुख्य शस्त्रक्रिया. याला दहा दिवसही लागतात, पंधराही. वॉर्डात या काळात नातेवाइकांची कुरकुर चालू असते की आठवडा झाला, अजून डॉक्टर हात लावत नाहीत. डॉक्टरने त्या आठवड्यात हात न लावणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे, हे त्यांना कुणीतरी नीट बसून सांगायला हवं.

याच्या अगदी उलट घाई मांडीच्या हाडाच्या मानेला लागते. खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचतं ते मानेला बिलगून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. मान मोडली की त्या तुटतात किंवा पिळवटतात. तिशी-चाळिशीतल्या माणसात म्हणून लवकरात लवकर तुकडे नीट बसवून स्क्रू घालतात आणि गोळा जगेल अशी आशा करतात. सर्वोत्तम हातांतूनही काही गोळे मरतातच. सत्तरीच्या पुढे हा जुगार खेळत नाहीत. सरळ गोळा काढून कृत्रिम बसवतात, म्हणजे आजी दुसऱ्या दिवशी उभ्या राहतात. म्हातारपणच्या खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात दर चार-पाच जणांत एक दगावतो, आणि यात शस्त्रक्रियेइतकाच अंथरुणाला खिळण्याचा वाटा असतो. किती लवकर ऑपरेशन करावं, यावर १७ देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. निदानानंतर सहा तासांत केलेली आणि २४ तासांत केलेली शस्त्रक्रिया यांत मृत्यूदराचा फरक पडला नाही, मात्र लवकर केलेल्यांत भ्रमिष्टपणा कमी होता आणि माणसं लवकर हिंडू-फिरू लागली. आपल्याकडे प्रश्न सहा की चोवीस तासांचा नसतो. ‘या वयात आता कशाला कापाकापी’ म्हणून चार-पाच दिवस घरीच काढले जातात, आणि छातीत कफ भरला की मग धावपळ.

उघड्या फ्रॅक्चरच्या बाबतीत तर बरेच जुने नियम गेल्या दोन दशकांत कोसळले. १९७६ मध्ये मिनेसोटातले रॅमन गुस्टिलो आणि जॉन अँडरसन यांनी हजाराहून अधिक उघड्या फ्रॅक्चरचा अभ्यास करून तीन श्रेणी पाडल्या. तिसरीचे पुढे अ, ब, क असे भाग झाले. जखम सहा तासांच्या आत धुतलीच पाहिजे हा नियम पिढ्यान्पिढ्या घोकला गेला, पण त्याला पुराव्याचा आधार फारसा निघाला नाही. आधार निघाला तो दोन गोष्टींना : अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात शिरेतून जायला हवं आणि धुणं अनुभवी हातांनी, मेलेलं सगळं मांस काढून व्हायला हवं. मध्यरात्री एकट्या शिकाऊ डॉक्टरने घाईने धुण्यापेक्षा सकाळी वरिष्ठांनी धुतलेलं बरं. धुवायचं कशाने, यावरही २०१५ मध्ये उत्तर आलं. साबणाचं पाणी आणि साधं सलाइन यांची तुलना करणाऱ्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीत साबण वापरलेल्यांपैकी १४.८ टक्क्यांना आणि सलाइन वापरलेल्यांपैकी ११.६ टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. पाण्याचा जोर कमी ठेवला काय, वाढवला काय, फरक नाही. महागड्या पंपांच्या विक्रेत्यांना हे ऐकवलं की ते विषय बदलतात.

हाड उघडं पडलं असेल तर त्यावर मांस आणि कातडी आणून झाकणं हे प्लास्टिक सर्जनचं काम. लुब्लियानाचे मार्को गोदिना यांनी १९८६ मध्ये दाखवलं की हे पहिल्या ७२ तासांत केलं तर पू कमी होतो आणि लावलेलं मांस तगतं. म्हणजे हाडांचा आणि प्लास्टिकचा सर्जन एकाच टेबलापाशी, एकाच दिवशी हवे. आपल्याकडे याचं सर्वांत चांगलं उदाहरण कोइम्बतूरचं गंगा हॉस्पिटल. एस. राजशेखरन आणि एस. राजा सबापथी या भावांनी, एक हाडांचे आणि दुसरे प्लास्टिक सर्जन, तिथे ही पद्धत वर्षानुवर्षं राबवली. भारतीय रुग्णांवरून त्यांनी गुणांची एक पद्धतही बांधली : कातडी, हाड आणि स्नायू-शिरा यांना प्रत्येकी पाचपर्यंत गुण, वर मधुमेह, उशिरा पोचणं अशा अडचणींचे दोन-दोन. चौदापर्यंत गुण असतील तर पाय वाचवायचा. सतरा आणि वर गेले तर कापण्याचा विचार करायचा. मधल्यांत अनुभव आणि रुग्णाची परिस्थिती पाहून ठरवायचं. मूळच्या गुस्टिलो श्रेणीत एकाच खणात पडणाऱ्या दोन अगदी वेगळ्या जखमा यामुळे वेगळ्या झाल्या. ही पद्धत आता इतर देशांतही वापरतात.

पाय वाचवणं नेहमीच चांगलं का, हा प्रश्न विचारायला जड जातो. अमेरिकेतल्या आठ केंद्रांत ५६९ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये छापलेल्या अभ्यासात वाचवलेला पाय आणि कापलेला पाय यांच्या मालकांची दोन वर्षांनंतरची अवस्था साधारण सारखी निघाली. पाय वाचवलेल्यांना पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात यावं लागलं. निकाल ठरवणाऱ्या गोष्टी होत्या शिक्षण, गरिबी, विमा, धूम्रपान, पाठीशी उभे राहणारे आप्त. मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा इकडे आणू नये. तिथे चांगला कृत्रिम पाय मिळतो; चिखलात भात लावणाऱ्या माणसाला गुडघ्याखालचा खराखुरा, थोडा लंगडा पायसुद्धा लाखमोलाचा असतो.

आणि हाडाचा तुकडाच गेला असेल तर? इथे गोष्ट सैबेरियातल्या कुर्गान शहरात जाते. गावरिल इलिझारोव्ह हे युद्धानंतरच्या टंचाईत काम करणारे डॉक्टर. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कड्या, सायकलच्या चाकासारख्या ताणलेल्या तारा आणि नट-बोल्ट यांची चौकट बनवली. मॉस्कोच्या प्राध्यापकांनी त्यांना बराच काळ मोजलं नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा उंच उडीतला विजेता व्हॅलेरी ब्रुमेल मोटारसायकलच्या अपघातात पाय मोडून घेतो, अनेक शस्त्रक्रियांनंतरही हाड जुळत नाही, आणि शेवटी कुर्गानला बरा होऊन तो पुन्हा उड्या मारतो, तेव्हा सोव्हिएत संघाने दखल घेतली. पश्चिमेला कळायला १९८१ उजाडलं. इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी तिकडून पाय सरळ करून परतला होता, त्याच्या डॉक्टरांनी इलिझारोव्हना इटलीला बोलावलं.

तत्त्व असं की हाड चांगल्या जागी हळुवार कापायचं, पाच-सात दिवस थांबायचं आणि मग कापलेली टोकं दिवसाला एक मिलिमीटर या गतीने ओढायची. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. नवलाची गोष्ट ही की हे काम सर्जन करत नाही. घरी बायको, आई किंवा रुग्ण स्वतः बारीक पाना घेऊन सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री प्रत्येक नट पाव फेरा फिरवतात. आट्याचं अंतर एक मिलिमीटर, म्हणून पाव फेऱ्याला पाव मिलिमीटर. कुठला नट फिरवला हे विसरू नये म्हणून नेलपॉलिशचा ठिपका लावतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करतात. तारांच्या तोंडाशी रोज ड्रेसिंग. महाराष्ट्रात ही विद्या रुजवण्यात मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचा वाटा मोठा. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बोटं-हात आणि लहान मुलांच्या वाकड्या पावलांसाठी बारीक तारांची हलकी चौकट घडवली. ‘जेस’ या नावाने ती देशभर वापरात आहे, आणि तिचं मोल अजून पुरतं ओळखलं गेलेलं नाही असं मला वाटतं. फ्रान्सचे आलँ मास्कले यांची पद्धत वेगळी : पोकळीत सिमेंटचा गोळा सहा-आठ आठवडे ठेवायचा, त्याभोवती शरीर एक पातळ पिशवी तयार करतं, मग सिमेंट काढून त्या पिशवीत हाडाचा चुरा भरायचा. पिशवीत रक्तवाहिन्या असतात, म्हणून चुरा विरघळून जात नाही.

शस्त्रक्रियेची बाजू लंगडी पडते त्या चाचण्यांकडेही पाहू. खांद्याजवळच्या दंडाच्या फ्रॅक्चरवर ब्रिटनमध्ये २५० रुग्णांची तुलना झाली. २०१५ मधला निकाल सांगतो की दोन वर्षांनी झोळी वापरलेले आणि धातूची पट्टी बसवलेले यांत फरक नव्हता. मनगटाच्या ज्या फ्रॅक्चरमध्ये हाड बाहेरून बसवता येतं, तिथे महागडी प्लेट आणि कातडीतून घातलेल्या स्वस्त तारा सारख्याच ठरल्या. गुडघ्यातला मुख्य दोरखंड, म्हणजे एसीएल, तुटलेल्या १२१ तरुणांवरच्या स्वीडिश अभ्यासात आधी व्यायाम करून पाहणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांतही शस्त्रक्रिया लागली नाही, आणि त्यांचे गुडघे ऑपरेशन केलेल्यांइतकेच बरे होते. कबड्डीपटूला हे लागू होईलच असं नाही. दिशा बदलताना गुडघा दगा देणाऱ्याला नवा दोरखंड लागतोच. पण कॉलेजच्या क्रिकेटमध्ये गुडघा मुरगळलेल्या प्रत्येकाला एमआरआयचा कागद पाहून टेबलावर घेणं चूक आहे. या चाचण्यांविरुद्ध सर्जनांचा आक्षेप असतो की गंभीर रुग्ण त्यांत घेतलेच नव्हते. आक्षेपात तथ्य आहे. तरीही प्लेटची विक्री त्या गंभीर रुग्णांपुरती मर्यादित राहिलेली दिसत नाही.

एक पेच मात्र पाश्चात्त्य मोजपट्ट्या पकडतच नाहीत. तिथल्या गुणपत्रिकेत माणूस जिने चढला, खुर्चीत बसला, गाडी चालवली की शंभरपैकी ऐंशी-नव्वद. आपल्याकडची बाई भाजी निवडायला मांडी घालून बसते, शेतकरी उकिडवा बसून खुरपतो, आजोबांच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास असतो. त्यासाठी गुडघा १३० अंशांच्या आसपास किंवा पुढे वाकावा लागतो. हाड जुळलं, एक्स-रे छान, पण गुडघा ९० वर अडला तर इथला माणूस अपंगच. म्हणून सांध्याच्या शस्त्रक्रियेत धातू इतका घट्ट बसवायचा की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सांधा वाकवता यावा. पुढे सहा-आठ आठवडे रोज फिजिओथेरपी हवी, आणि नेमकी तीच तालुक्याच्या गावी मिळत नाही.

हाडवैद्याकडे जाण्याला नुसतं अडाणीपण म्हणणं मला पटत नाही. तो जवळ असतो, आपल्या भाषेत बोलतो, थोडक्यात भागवतो, आणि साध्या फ्रॅक्चरमध्ये त्याला यशही येतं. धोका दोन जागी. सुजणाऱ्या हातापायाला बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या की आतल्या स्नायूंच्या कप्प्यांत दाब वाढतो, रक्त पोचेनासं होतं. बोटं ताणली की असह्य कळ येते, नाडी मात्र बराच वेळ लागत राहते, त्यामुळे फसगत होते. काही तासांत कप्पे उघडले नाहीत तर स्नायू मरतात आणि पंजा कायमचा आकसतो. दुसरा धोका कोपराचा. मार लागलेल्या कोपराला चोळून मालिश केलं की स्नायूत हाड तयार होऊन कोपर जागच्या जागी गोठतं. या दोन गोष्टी हाडवैद्यांना शिकवल्या तरी बरंच नुकसान टळेल. त्यांच्यावर नुसती बंदी घातल्याने रुग्ण थांबणार नाहीत.

खर्चाची बाजू अलीकडे थोडी हलली आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत अपघाताच्या बऱ्याच शस्त्रक्रिया येतात आणि तिचं कवच आता कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत गेलं आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली : दीड लाखापर्यंत खर्च, अपघातापासून सात दिवस. जीव वाचवण्यापुरती ती योग्य आहे. पण नडगीचं सहा सेंटिमीटर हाड रस्त्यावर गमावलेल्या माणसाचा हिशेब मांडून पाहा. पहिल्या सात दिवसांत त्याची जखम धुऊन, बाहेरून चौकट बसवून झालेली असते. मग मांस आणून झाकणं, मग कड्या चढवणं, मग रोज एक मिलिमीटर या गतीने साठ दिवस ओढणं, आणि तयार झालेलं कच्चं हाड पक्कं होईपर्यंत त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ त्याच कड्यांत काढणं. सहा ते नऊ महिने तो कामावर जाऊ शकत नाही, दर पंधरवड्याला एसटीने तपासणीला यावं लागतं, आणि घरातला दुसरा कमावता माणूस हातात पाना धरून नट फिरवत असतो.